सासऱ्यांच्या कम्प्युटरला दाढ येते

धाकट्या जावयाने सासऱ्यांचा कम्प्युटर मारला तेव्हा घरात कोणी नव्हतं, एवढीच काय ती जमेची बाजू. झाडं होती. पण झाडं चहाड्या करत नाहीत, आणि त्या आठवड्यात त्यांना इतकं पाणी मिळालं होतं की करायची इच्छा असती तरी ताकद नव्हती.

सासरे म्हणजे निवृत्त वजनमापं निरीक्षक. उभी हयात त्यांनी पोकळ वजनं, आखूड मीटरपट्ट्या आणि खोटा तळ असलेली मापं जप्त करण्यात घालवली. निवृत्तीनंतर बाजार सुटला, संशय सुटला नाही. घरात आलेली वस्तू ते आधी हातात घेऊन तोलत, मग ती कोणी दिली ते विचारत. मोठ्या मुलीसाठी दातांचा डॉक्टर सांगून आला, तो मापात भरला. धाकटीने आपला आपण शोधून आणला. त्याला सासऱ्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि सासूबाईंना म्हणाले, "थोडा कमी भरतोय. पण पोरीने सील तोडलंय, आता परत घेणार नाहीत."

पुढे कधीतरी त्यांनी एकसारखे दोन कम्प्युटर विकत घेतले. एक स्वतःला ठेवला, दुसरा थोरल्याच्या दवाखान्याला भेट दिला. धाकट्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं.

या धाकट्याने नुकतीच नोकरी सोडली होती. त्याला कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकायचं होतं, आणि सासऱ्यांच्या घराची रस्त्याकडची खोली जुन्या वर्तमानपत्रांना राहायला दिलेली होती. बायकोने वडिलांकडे शब्द टाकला. सासरे म्हणाले, "लोक आपल्या वस्तू ज्याच्या हातात देणार, त्याचा हात आधी पारखला पाहिजे. आम्ही दोघं थोडे दिवस हवापालटाला जातोय. जावईबापू, झाडांना पाणी घाला. बाकी कशालाही हात लावू नका. आल्यावर खोलीचं बोलू."

आता 'हात लावू नका' म्हटल्यावर ज्याचे हात शिवशिवत नाहीत, तो कम्प्युटर दुरुस्तीत पडतच नाही. धाकट्याने विचार केला, म्हाताऱ्याचा कम्प्युटर फार रेंगाळत सुरू होतो, आपण त्याचा बायोस अपडेट करून ठेवू. आल्यावर पाहतील आणि थक्क होतील. यातला थक्क होण्याचा भाग पुढे खरा ठरला.

बायोस म्हणजे काय, हे धाकटा कोणालाही समजावून सांगत असे. कम्प्युटरला सकाळी जाग येते तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नसतं. मदरबोर्डवर बोटाच्या नखाएवढी, आठ पायांची एक चिप असते. ती त्याच्या कानात सांगते, बाबा रे, तू कम्प्युटर आहेस, ही तुझी मेमरी, ही तुझी डिस्क, ऊठ आणि कामाला लाग. हे सांगणं म्हणजे बायोस. ते बदलून नवं लिहीत असताना मध्येच वीज गेली तर चिपमध्ये अर्धंच वाक्य राहतं. मग कम्प्युटर जन्मभर 'बाबा रे, तू' एवढंच ऐकत बसतो.

आणि सासऱ्यांच्या घरात रोज दुपारी एक वाजता वीज जात असे. बाहेरची नव्हे, घरातली. यंत्रांनाही जेवणाची सुट्टी हवी, असा त्यांचा दंडक होता. त्यासाठी त्यांनी मीटरशेजारी घड्याळवाला खटका बसवून घेतला होता. फ्रिज तेवढा सुटला होता, तोही सासूबाईंनी माहेरी जायची धमकी दिली म्हणून. बाकी पंखे, दिवे, प्लग, सगळं एक वाजता खट्कन बंद, ते सासऱ्यांची वामकुक्षी होईपर्यंत. सासरे एकच्या आत कम्प्युटर रीतसर बंद करत. घरातल्या मांजरालासुद्धा ही वेळ पाठ होती.

मांजराने काही अपडेट करायला घेतलं नव्हतं. धाकट्याने घेतलं. पडद्यावर पट्टी सरकत होती, खाली 'कृपया वीज बंद करू नका' असं लिहिलं होतं, आणि धाकटा खुर्चीत रेलून दुकानाच्या पाटीचा रंग ठरवत होता. तेवढ्यात मीटरच्या बाजूने आवाज आला. खट्.

*

"मेला म्हणजे किती मेला?" बायकोने विचारलं.

"बटण दाबलं की पंखा फिरतो. बाकी काही नाही."

"मग तुझ्यात आणि त्याच्यात फरक काय?"

"चिडू नकोस. चिप पुन्हा लिहिता येते. माझ्याकडे यंत्र आहे, चिमटा आहे. फक्त लिहायला मजकूर पाहिजे."

"कंपनीच्या साइटवरून घे ना."

"ती फाइल चालत्या कम्प्युटरने गिळायची असते. मेलेल्याच्या तोंडात नुसती ओतून चालत नाही. मला अस्सल मजकूर हवा, अशाच दुसऱ्या मदरबोर्डवरून उतरवून घेतलेला." एवढं बोलून तो थांबला. अशाच दुसऱ्या मदरबोर्डचा पत्ता दोघांनाही ठाऊक होता.

"भाऊजींचा दवाखाना," बायको म्हणाली.

"त्यांच्याकडे जाण्यापेक्षा मी तुझ्या बाबांचे पाय धरीन."

"बाबांची गाडी उद्या सकाळी येते. धर. पण मग खोलीत वर्तमानपत्रंच राहतील, आणि तू घरी माझ्या डोक्यावर. त्यापेक्षा जा. आपलेच दात, आपलेच ओठ."

साडू साडू एकमेकांशी जितकं गोड बोलतात तितकं कोणी वैऱ्याशीही बोलत नाही. थोरला आणि धाकटा सात वर्षं असेच गोड बोलत आले होते. त्यामुळे मेलेला कम्प्युटर पोटाशी धरून धाकटा दवाखान्याच्या दारात उभा राहिला, तेव्हा थोरल्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते लपवायला त्याला तोंडावरचा मास्क वर ओढावा लागला.

"ये, ये! काय, पेशंट आणलास?"

धाकट्याने सगळं सांगितलं. थोरल्याने ते एकदा ऐकलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. विशेषतः खट् झालं तो भाग.

"सासऱ्यांना सांगणार नाही ना?" धाकट्याने विचारलं.

थोरला एकदम ताठ झाला. "बाबा रे, या दारातून आत जे येतं ते माझ्याबरोबर सरणावर जाईल. कोणाच्या तोंडात काय आहे, हे मी बायकोलाही सांगत नाही. सासऱ्यांच्या तोंडात काय आहे, विचार. विचार ना."

"मला नाही विचारायचं."

"विचारलंस तरी सांगणार नाही," थोरला म्हणाला. विचारलं नाही याचं त्याला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं.

खुर्चीत एक गृहस्थ आधीच आडवे होते. त्यांना नुकतीच भूल दिली होती आणि ती चढेपर्यंत थोरल्याला वेळ होता. त्याने त्यांना उठवून स्टुलावर बसवलं, खुर्चीवर स्वच्छ कापड अंथरलं, सासऱ्यांचा मदरबोर्ड त्यावर निजवला आणि वरचा मोठा दिवा त्याच्या छातीवर वळवला. भूल दिलेल्या गृहस्थांच्या मांडीवर धाकट्याने आपला लॅपटॉप ठेवला, कारण दुसरी जागा नव्हती.

"आँ?" गृहस्थ म्हणाले. जीभ त्यांच्या ताब्यात राहिली नव्हती.

"नुसता धरून ठेवा," धाकटा म्हणाला. "हलू नका."

थोरल्याने डोळ्यांना भिंग लावलं आणि आठ पायांच्या त्या चिपकडे वाकून पाहिलं. "चिमुकली आहे रे. पण मुळं आठ! उपटायची?"

"उपटायची नाही! जागेवरच ठेवून चिमट्याने पकडायची. हा ठिपका दिसतोय? तो पहिला पाय. चिमट्याची लाल तार तिकडे. उलटं लागलं तर जळेल."

"तू धरतोस की मी धरू? बारीक जागी चिमटा लावणं माझं रोजचं काम आहे."

धाकट्याला हे मान्य करावं लागलं. थोरल्याने चिमटा घेतला, श्वास रोखला आणि जन्मभराच्या सवयीने मदरबोर्डला म्हणाला, "काही दुखणार नाही हं."

पहिल्यांदा मेलेल्या चिपमध्ये जे काही उरलं होतं ते वाचून घेतलं. धाकट्याने ते दुसऱ्यांदा वाचलं आणि दोन्ही प्रती ताडून पाहिल्या. जुळल्या नाहीत.

"एकदा वाचलंस ना? पुन्हा कशाला?" थोरल्याने विचारलं.

"एकदा वाचलेल्यावर विश्वास ठेवायचा नसतो. चिमटा जरा जरी सैल असला तर यंत्र मनाचं काहीतरी वाचतं आणि शपथेवर सांगतं. दोनदा वाचून सारखं आलं तरच खरं. चिपचे पाय मळलेत बहुतेक."

"मग एवढंच ना!" थोरल्याने हवेचा फवारा उचलला, चिपच्या आठही पायांच्या सांदी साफ केल्या, कापसाचा बोळा फिरवला आणि चिमटा पुन्हा बसवला. या वेळी दोन्ही प्रती जुळल्या. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी एकत्र काहीतरी केलं होतं, आणि ते जमलं होतं. दोघांनाही ते जरा अवघड गेलं.

मग दवाखान्याचा कम्प्युटर बंद करून उघडला. त्याचा बायोसही दोनदा वाचला, जुळला. मग चिमटा पुन्हा सासऱ्यांच्या चिपवर.

"आता आधी सगळं पुसायचं," धाकटा म्हणाला. "मग लिहायचं. मग लिहिलेलं परत वाचून ताडायचं. तोवर कोणी श्वासही घ्यायचा नाही."

लॅपटॉपवर पट्टी सरकू लागली. धाकट्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग प्लगकडे, मग पुन्हा घड्याळाकडे. भूल दिलेल्या गृहस्थांनी खरोखरच श्वास रोखला होता. त्यांचा चेहरा जांभळा पडू लागला तेव्हा थोरल्याने त्यांच्या पाठीत थाप मारली. पट्टी टोकाला पोचली. ताडणी झाली. अक्षर न् अक्षर जुळलं.

"आँ!" गृहस्थ म्हणाले, आणि दोघांनी त्यांच्याशी हस्तांदोलन केलं.

सगळं जोडून धाकट्याने बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा राहिला, राहिला, आणि मग उजळला. पडद्यावर एक भलीमोठी, गुलाबी हिरड्यांची दाढ अवतरली. दाढेला डोळे होते. ती दात विचकून हसत होती, म्हणजे दाढेलाही दात होते. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'काल रात्री दात घासलेत का? खरं सांगा!'

"हे काय आहे?" धाकट्याने अगदी हळू विचारलं.

"आमची दाढ!" थोरला हरखला. "कम्प्युटरवाल्याने मुद्दाम घालून दिली होती. सुरू होताना दिसते. पेशंट खूश होतात."

"म्हणजे ती बायोसमध्ये होती? आणि मी अक्षर न् अक्षर उतरवून घेतली?"

"तूच म्हणालास, अस्सल मजकूर पाहिजे."

"आता ती काढायची म्हणजे..."

"म्हणजे?"

"बायोस अपडेट," धाकटा म्हणाला. त्यावर भूल दिलेले गृहस्थ आपणहून खुर्चीत जाऊन झोपले.

*

बायकोने योजना आखली. दाढ काही क्षणच दिसते. तेवढ्या क्षणांपुरतं बाबांचं लक्ष दुसरीकडे वेधायचं. बाबा बटण दाबतील, त्याच वेळी ती स्वयंपाकघरात मोठं पातेलं पाडेल. बाबा वळून बघतील, तेवढ्यात दाढ निघून जाईल.

सासरे आले. त्यांनी झाडं पाहिली. "ही बुडालीयेत," म्हणाले. चहा झाला, आंघोळ झाली, जेवण झालं. जेवताना त्यांनी नेहमीप्रमाणे कडक टोस्ट कडाकडा चावून दाखवला. त्यांच्या त्या वयातल्या दातांचं घरात मोठं कौतुक होतं, आणि कोणी करायला विसरलं तर ते स्वतः करत. "कवळी म्हणजे तोंडातलं खोटं माप," हे त्यांचं आवडतं वाक्य. "दिसायला किलो, आत पोकळ. माझे बघा. सगळे मूळचे." सासूबाई अशा वेळी ताटात खाली बघत.

एक वाजता खट् झालं. सासरे झोपले. उठून, तोंड धुऊन, ते कम्प्युटरपाशी बसले. धाकटा दाराआड उभा होता. सासऱ्यांनी बटण दाबलं. स्वयंपाकघरात पातेलं कोसळलं. त्या आवाजाने दोन घरं पलीकडचा कुत्राही भुंकला.

सासरे वळले. "काय पडलं?"

"पातेलं, बाबा!"

"मोठं की लहान?"

"मोठं!"

"पोचा आला का बघ," सासरे म्हणाले, आणि परत वळले.

कम्प्युटर रेंगाळत सुरू होणारा होता, हे धाकटा दवाखान्यातल्या आनंदात विसरला होता. दाढ नुकतीच येत होती. आधी हिरड्या आल्या, मग डोळे, मग हसू. मग प्रश्न आला.

सासरे हलले नाहीत. दाढ गेली, नेहमीचा पडदा आला, तरी ते तसेच बसून होते. मग ते उठले, धाकट्याला दाराआडून दंडाला धरून आत घेतलं आणि दाराला कडी घातली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. धाकट्याच्या डोळ्यांपुढून त्याची खोली, खोलीतलं टेबल आणि अजून न रंगवलेली पाटी एका रांगेत निघून गेली.

"डॉक्टरांनी सांगितलं ना तुम्हाला?" सासरे कुजबुजले.

"बाबा, मी..."

"बोलू नका. मला धमकावायची ही पद्धत? भर कम्प्युटरवर? 'खरं सांगा' म्हणे! सांगतो. वरचे." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "फक्त वरचे. खालचे माझे स्वतःचे आहेत, हवं तर तपासून शिक्का मारा. वरची कवळी. झाली तीन वर्षं. आता खोली हवी ना? घ्या. आजच घ्या. पण घरात हे कळता कामा नये."

धाकटा आ वासून उभा राहिला. सासऱ्यांनी किल्ली काढून टेबलावर ठेवली होती. ती त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. नुसतं तोंड मिटून हात पुढे केला असता तर काम झालं असतं. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण शहाण्या माणसाने झाडं तरी जगवली असती.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचा कम्प्युटर मी मारला होता."

"काय?"

"अपडेट करायला गेलो आणि एक वाजला. मग डॉक्टरांच्या कम्प्युटरमधला मजकूर तुमच्या चिपवर लिहिला. त्यांची दाढ त्याच्याबरोबर आली. मला दाताचं काही माहीत नव्हतं. त्यांनी एक अक्षर सांगितलं नाही."

सासरे सावकाश खुर्चीत बसले. "म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं."

"नाही."

"आणि आत्ता मी जे बोललो..."

"मी ऐकलंच नाही."

"खोटं बोलू नका. ऐकलंत."

"ऐकलं," धाकट्याने कबूल केलं.

बाहेरून बायको ओरडली, "पोचा नाही आला, बाबा!"

"लिहिलंत म्हणजे नेमकं कसं लिहिलंत?" सासऱ्यांनी विचारलं. हा त्यांचा बाजारातला आवाज होता. धाकट्याने सांगितलं. चिमटा, लाल तार, दोनदा वाचणं, न जुळणं, पाय साफ करून पुन्हा वाचणं. सासरे पुढे सरकले.

"दोनदा वाचलंत? मुद्दाम?"

"एकदा वाचलेल्यावर विश्वास ठेवायचा नसतो, बाबा."

"आणि लिहून झाल्यावर?"

"परत वाचून मुळाशी ताडलं. अक्षर न् अक्षर."

सासऱ्यांनी डोळे मिटले. तीस वर्षं ते बाजारात हेच सांगत ओरडत फिरले होते आणि त्यांच्या खात्यातल्या माणसांनीसुद्धा कधी मनावर घेतलं नव्हतं. "दाढेसकट ताडलंत," ते पुटपुटले. "खोट होती ती मूळ मापात. उतरवण्यात नव्हती." त्यांनी किल्ली उचलली, हातात तोलली आणि धाकट्याच्या तळहातावर ठेवली. "ही मघाशी भीतीने देत होतो. ती परत घेतली असं समजा. ही आता देतोय ती वेगळी."

"आणि ती दाढ? काढू? म्हणजे एकच्या आत सुरू केलं तर..."

"हात लावू नका," सासरे घाईने म्हणाले. "रोज विचारू दे तिला. मी बटण दाबून डोळे मिटत जाईन."

दुकान झालं. धाकट्याने पाटीवर 'येथे सर्व प्रकारचे कम्प्युटर खात्रीने दुरुस्त होतील' असं लिहून आणलं. सासऱ्यांनी ती दारावर चढू दिली नाही. 'सर्व प्रकारचे' हे मापात बसत नाही, म्हणाले, आणि 'खात्रीने' तर सरळ जप्तीचं प्रकरण आहे. दोन दिवस घोळ घातल्यावर त्यांनी स्वतः मजकूर सांगितला आणि रंगाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून तो लिहून घेतला. वाचून धाकट्याचं तोंड उतरलं. बायको हसून हसून पायरीवर बसली.

पण पहिल्याच दिवशी दाराशी माणसं उभी राहिली. त्यांच्यातल्या एका बाईंनी लॅपटॉप धाकट्याच्या हातात दिला आणि वर बघत म्हणाल्या, "बाकीचे सगळे खात्री देतात हो. इतकं खरं लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं."

पाटीवर लिहिलं होतं: 'येथे तुम्ही बिघडवलेले आणि आम्ही बिघडवलेले कम्प्युटर दुरुस्त करून मिळतील.'